फोंड्यानं जावा

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला
आधी एक आडवी रेघ मारली. तो समुद्र.
त्याच्या वर वारांची यादी.

रविवारी ईश्वरीचा क्लास, शिवतेजच्या तालमीची मॅच.
सोमवारी उद्यमनगर बंद, म्हणजे ह्यांना सुट्टी,
पण सोमवारी जाऊबाई मासे खात नाहीत.
मंगळवारी रत्नमाला आत्या खात नाहीत, गुरुवारी मी,
शनिवारी कोणीच नाही,
आणि शुक्रवारी आमच्या गल्लीत पाणी येतं.
उरला बुधवार.
एका बुधवारसाठी एवढा घाट उतरून
समुद्राला कोण जातं?
"उपास सोडा की दोन दिवस," धाकटे दीर म्हणाले,
"देव काय मुणग्यापर्यंत बघायला येतोय?"
आत्यांनी नुसतं बघितलं त्यांच्याकडं.
मी यादीतला बांगडा खोडला
आणि डाळ लिहिली.

घाडीकाकींना फोन लावला, स्पीकरवर.
दोन खोल्या, पडवी, पडवीतनं दर्या.
लाइट असते ना, काकी?
"आसता. मधी मधी जाता."
मग येते कधी?
"येतली तेव्हा येतली."
पोरं गादीवर लोळून हसली.
दोन दिवस घरात सगळं तसंच झालं:
गॅसची गाडी, निकाल, ह्यांचा ओव्हरटाइमचा पगार,
येतली तेव्हा येतली.

मग घाटावर गाडी अडली.
करूळचा रस्ता उकरलाय म्हणे. भुईबावडा अरुंद.
आंबोलीनं लांब पडतं, आणि आत्यांना वळणं लागतात:
आवळासुपारी, लिंबू, कॅरीबॅग, खिडकीची जागा.
मोबाइलमधली बाई चौथाच रस्ता दाखवत होती.
रात्री साडेअकराला एका स्क्रीनवर
चार माणसांची बोटं
घाट चढत होती, उतरत होती.

"फोंड्यानं जावा."

मामा बोलले, भिंतीकडं तोंड करून झोपलेले.
त्यांना आम्ही विचारलंच नव्हतं.
उत्तर पाठ होतं सगळ्यांना: मी घर बघतो.
लग्नाला, बारशाला, तिरुपतीला,
मी घर बघतो.
म्हणून तर गाडीवाल्याला आठ जण सांगितले होते.

"तीस वर्षं फौंड्रीची वाळू त्याच घाटानं वर आली.
उशिरा यायची पावसाळ्यात. पण यायची.
रात्री दोनला ट्रक लागायचा,
टायरला तिकडची तांबडी माती, ओली."

उठून बसले. उजवी मूठ मिटली, उघडली.
मोल्डरची खोड.
वाळूत पाणी किती, माती किती,
हे मुठीत दाबून, मोडून बघायचं.
माझी कणीकसुद्धा ते तशीच बघतात, मी नसताना.

"ती खाणीतली वाळू. समुद्राची वेगळी असणार," म्हणाले.
"मुठीत धरती का गं?"

आम्ही तीनदा जाऊन आलेलो.
फोटो आहेत. पाण्यात उड्या मारतानाचे,
मावळत्या सूर्याला चिमटीत धरल्याचे.
शिवतेज म्हणाला, ओली असली की धरते, किल्ला होतो.
"आणि मोडती कशी? कड सरळ राहती, का भुगा होतो?"

कुणालाच सांगता येईना.
पंखा तेवढा फिरत राहिला.

सकाळी फ्रीजवरची यादी बघितली.
टॉवेल, भडंग, कांदा-लसूण चटणी,
आत्यांच्या गोळ्या, डासांचं मलम, चार्जर दोन.
त्याखाली पेन्सिलीनं,
चलनावर असायचं तसल्या तिरक्या अक्षरात:
थापी, ल्हान.

किल्ली समोरच्या चौगुले वहिनींकडं दिली,
शुक्रवारी टाकी तेवढी भरा म्हटलं.
गाडीवाल्याला फोन केला, नऊ जण आहोत.
"ताई, आठ म्हणाला होता की."
म्हटलं, हो.
तेव्हा आठच होतो.